चौथं रीळ

कोट खुंटीला अडकवून पडद्यावरचा तो माणूस वळला आणि टेबलावरच्या पाण्याच्या सुरईकडे बोट दाखवून नुसता उभा राहिला, तेव्हा की-बोर्डवरचा तिचा हात जिथल्या तिथे थांबला. कोटाच्या खांद्यांवर दगडाची पांढरी भुकटी होती. मागे पलंगावर एक लहान मुलगी झोपली होती आणि तिचा एक पाय पांघरुणाबाहेर आला होता. बायको उठली, तिने पेला भरला, आणि तो पाणी प्यायला, मान मागे टाकून, सगळं एका दमात. घोट गळ्यातून उतरताना दिसत होते. इकडे तिच्या हेडफोनमध्ये खरखर झाली, मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तो यायच्या आधीच तिला ऐकू आला होता. हे आपण पाहिलंय, असं काही तिला वाटलं नाही. इतकं सरळ काही वाटलंच नाही. तिला वाटलं, घरी कुणीतरी आलंय आणि आपण इथे ऑफिसात बसलोय.

तिचं काम असं होतं की ते चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नसे. तिची कंपनी जुने, कुणाला आठवत नसलेले सिनेमे कुठून कुठून मिळवायची, धुऊनपुसून साफ करायची आणि लोकांना घरबसल्या पाहायला द्यायची. त्यांतले परके संवाद आपल्या भाषेत आणून पडद्याच्या तळाशी ओळ केव्हा यावी आणि केव्हा जावी हे बघायचं, एवढंच तिच्याकडे होतं. वर्षानुवर्षं ती इतरांच्या तोंडाकडे बघत बसली होती. ओठ उघडले की ओळ, ओठ मिटले की ओळ गेली. हा सिनेमा तर तिला सुरुवातीपासून सोपा वाटला होता. खाणीतली माणसं, बोलणं कमी. पहिले तीन भाग तिने जांभया देत संपवले होते. आता तो माणूस भिंतीतला सैल झालेला एक खिळा हाताच्या तळव्याने ठोकून बसवत होता आणि तिला पुढचं सगळं पाठ होतं. तो बायकोकडे बघणार, मुलीचा पाय पांघरुणात घालणार, आणि दिवा बारीक करणार. त्याने तसंच केलं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक गोल ठिपका चमकून गेला आणि खाण सुरू झाली. दोर, कप्प्या, पहाटेचं धुकं. दोर तुटला. माणसं धावली. कापडाखालून त्याचा हात बाहेर आला होता आणि मघाशी खिळा ठोकला तोच तळवा वर होता. तिने हेडफोन काढून ठेवले. अरे, पण हा तर आधीच मेला होता, असं ती जवळजवळ मोठ्याने म्हणाली.

"काय झालं? अडकलं का?" मुकादमने विचारलं. तो त्यांच्या विभागाचा प्रमुख. कामापेक्षा कामावरची माणसं जास्त मोजायचा म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"नाही. हा सिनेमा बरोबर लागलाय ना? म्हणजे क्रमाने?"

"तीन ठिकाणच्या प्रती जुळवून बघितल्यात. का?"

"काही नाही, उगाच."

उगाच म्हणून ती बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ठिपक्याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जुने सिनेमे डब्यांतून यायचे, एका डब्यात एक रीळ. एक रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका यायचा, म्हणजे चालवणाऱ्याने दुसऱ्या यंत्रावर चढवलेलं पुढचं रीळ सुरू करायचं. लहानपणी तिने हा पाहिला त्या दुपारी कुणाच्या तरी हाताने चुकीचा डबा आधी उचलला होता. चौथ्याच्या जागी पाचवं, मग पाचव्याच्या जागी चौथं. एवढंच. तो माणूस कधीच परत आला नव्हता. तो मरायच्या आदल्या दिवशी घरी येऊन पाणी प्यायला होता, जसं कुणीही पितं. नळाचं पाणी मनगटांवरून वाहू देत ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि आपल्याला रडू का येत नाही, फक्त भयंकर झोप का येतेय, हे तिला समजेना.

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. मालाची गाडी घेऊन गेले ते गेले; गाडी पुलाखाली सापडली, आणि मुलीने बघू नये म्हणून तिला आत्याच्या घरी नेऊन ठेवलं. म्हणजे तिच्या दृष्टीने वडील मेले असे नव्हतेच, ते नुसते आले नव्हते. आई काही बोलत नसे. खायला करत नसे. आत्या डबा आणून द्यायची आणि दारातून जाताना हमखास म्हणायची, स्वतःला सावर, पोरीकडे बघ. आई पोरीकडे बघायची, पण खिडकीकडे बघावं तशी. एका दुपारी आईने वडिलांचे बूट एका पिशवीत भरले, पिशवी दाराशी ठेवली आणि म्हणाली, चल. बूट कुणाला तरी द्यायचे होते बहुतेक. पण पिशवी राहिली घरीच आणि त्या दोघी चालतच राहिल्या. पाय दुखायला लागले तेव्हा एक थिएटर आलं. त्यात परक्या देशांतले जुने सिनेमे दुपारचे स्वस्तात लावत. अर्धा सिनेमा होऊन गेला होता. आईने तिकिटं काढली कारण आत अंधार होता आणि बसायला मिळणार होतं. दुसरं कारण असेल असं तिला आजही वाटत नाही. पुढे नातेवाइकांत या गोष्टीचा किती बभ्रा झाला. नवरा जाऊन चार दिवस नाहीत आणि बाई सिनेमाला गेली.

आत गेल्या गेल्या पडद्यावर एक माणूस मेला. खाली ओळी नव्हत्या, बोलणं कळत नव्हतं, पण मेलेला माणूस कळायला भाषा लागत नाही. त्याला पुरलं. बायको घरी येऊन बसली. आईचा हात तिच्या हातात होता आणि तो गार पडला होता. मग एकदम दार उघडलं आणि तो आत आला, कोट काढला आणि त्याने पाणी मागितलं. लोक ओरडले. शिट्ट्या वाजल्या, पाय आपटले गेले, मागून कुणीतरी काहीतरी फेकलं. तिला वाटलं, सगळ्यांना आनंद झालाय. तिलाही झाला होता. आणि तेवढ्यात शेजारी काहीतरी खाडकन वाजलं. आई अर्धवट उठली होती, आणि तिच्याखालची खुर्चीची बैठक वर मिटली होती. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेले, गुडघे वाकलेले, ना उभी ना बसलेली. आई निघतेय असं वाटून तिने आईचा पदर ओढला. पण आई कुठेही निघाली नव्हती. तो पाणी पिऊन होईपर्यंत ती तशीच राहिली आणि मग हळूच बसली.

शेवटी ती बायको घराला कुलूप लावून मुलीला घेऊन स्टेशनवर गेली. दोघीच. घरी जाताना तिने आईला विचारलं, "तो कुठे गेला?" आणि आई इतक्या दिवसांनी तिच्याकडे, खरोखर तिच्याकडे बघून म्हणाली, "पुढे गेला असेल. जागा धरायला." हे तिला लगेच पटलं, कारण वडील तसंच करायचे. कुठेही जायचं असो, ते गर्दीतून आधी आत घुसायचे आणि खिडकीजवळ रुमाल टाकून ऐटीत उभे राहायचे, आणि या दोघी मागून सावकाश यायच्या. त्या संध्याकाळी आईने स्वयंपाक केला. पिशवीतले बूट काढून पुसले आणि पुन्हा दाराशी ठेवले. ते तिथेच होते, ती कॉलेजात जाईपर्यंत, आणि घरी येणाऱ्याजाणाऱ्याला आई खुशाल सांगायची, असू देत, अडचण काही होत नाही.

बेसिनजवळच्या आरशात बघायचं तिने टाळलं. आईचं एक वेळ ठीक. आईने जगायला काहीतरी धरलं. पण आपलं काय? आपण तर ते गणितासारखं शिकलो. गेलेला माणूस येतो. जरा उशिरा येतो, कोटावर धूळ घेऊन येतो, पण येतो. तिचा नवरा सोडून गेला तेव्हा तिच्या मैत्रिणी तिला म्हणाल्या होत्या, इतकी शांत कशी तू? ती शांत नव्हती, ती वाट बघत होती. कितीतरी दिवस ती दाराला आतून कडी घालत नव्हती. भांडली नाही, हक्क मागितला नाही, दुसरं कुणी बघितलं नाही. येणाऱ्या माणसाला रस्ता मोकळा असावा एवढीच तिची काळजी. त्याने दुसरं लग्न केलं, मुलं झाली, आणि एकदा बाजारात भेटल्यावर ओळखीच्या दुकानदारासारखा हसला. कुणा परक्याने एक डबा चुकीचा उचलला आणि त्यावर आपण अख्खा जन्म बेतला, असं तिला वाटलं, आणि त्याचा रागही धड येईना. राग यायलाही अंगात बळ लागतं.

तो सिनेमा आईने पुन्हा मागितला तो अलीकडच्या काही वर्षांत. श्वास लागायला लागला, जिने बंद झाले, आणि आई खुर्चीला खिळली तेव्हा एकदा म्हणाली, "तू सिनेमाच्याच धंद्यात आहेस ना? मग तो शोध की." नाव दोघींनाही माहीत नव्हतं. देश माहीत नव्हता. माहीत एवढंच होतं की मेलेला माणूस परत येतो. तेव्हापासून त्यांचे रविवार तसेच जात. ती जाणत्या लोकांना विचारायची, इंटरनेटवर पालथी पडून शोधायची, आणि जे सापडेल ते रविवारी दुपारी पडदे ओढून दोघी बघायच्या. भुतांचे सिनेमे पाहिले, चमत्कारांचे पाहिले, जुळ्या भावांचे पाहिले, लढाईत मेला असं कळवलेल्या आणि मग उगवलेल्या शिपायांचे तर पुष्कळच पाहिले. आईला खालच्या ओळी दिसत नसत, म्हणून ती मोठ्याने वाचायची. आईचा निकाल झटपट असे. "हा नाही. याला मिशी आहे." "हा नाही. यांच्याकडे जिना आहे." एकदा एका फार नावाजलेल्या, फार संथ सिनेमाबद्दल म्हणाली, "किती चालतात गं ही माणसं. बसा म्हणावं जरा." पण बंद करू द्यायची नाही. एकदा लावलाय तर होऊ दे, त्यांचा तरी अपमान नको. अशा रीतीने न शोधलेले कितीतरी चांगले सिनेमे त्यांनी पाहिले. कधी कधी तिला वाटे, तो सापडू नये. सापडला की रविवारी काय करायचं?

सापडला नव्हता, कारण तसा सिनेमा नव्हताच.

आणि डॉक्टर मागच्या खेपेला आईला तपासून झाल्यावर तिला बाहेर घेऊन म्हणाले होते, त्यांना आवडेल ते करू द्या. हे वाक्य ऐकल्यावर पुढे काही विचारायचं नसतं. तिने विचारलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तब्येत चांगली आहे म्हणाले. आई म्हणाली, "मग तू का अशी दिसतेस?"

ऑफिसात ती परत खुर्चीवर येऊन बसली. काम तर करायचंच होतं. चौथ्या रिळात त्या माणसाचं एकच वाक्य होतं, दिवा बारीक करण्याआधीचं. लहानपणापासून ते वाक्य तिने आपल्या मनाने लावून घेतलं होतं. त्याचे ओठ तिला पाठ होते. उशीर झाला जरा. मेलेल्या माणसाने घरी आल्यावर दुसरं काय म्हणावं? आता संवादांची संहिता समोर होती. तो म्हणत होता, उद्या लवकर उठव. तिने ते टाइप केलं. ओठ उघडले तिथे ओळ आणली, मिटले तिथे घालवली. नीट बसली. अख्ख्या नोकरीत तिने एक ओळ कधी खोटी लिहिली नव्हती, आणि ही तर सगळ्यांत खरी होती.

संध्याकाळी निघताना ती मुकादमपुढे उभी राहिली. "याची एक प्रत मी घरी नेऊ? आईला दाखवायची आहे."

"न्या की. बाहेर कुणाला देऊ नका म्हणजे झालं." मग तो म्हणाला, "पण तुमच्या आईंना हा? जरा जड नाही का? शेवटी सगळा अंधारच आहे."

"तिला चालतं," ती म्हणाली.

दाखवायचा की नाही, हे ती घरी पोचेपर्यंत ठरवू शकली नाही, आणि पुढचे दिवसही नाही. आईला चमच्याने औषध देताना वाटे, सांगून टाकावं. इतक्या वर्षांनी खरं काय ते कळलं तर आईचं काय बिघडणार आहे? आणि लगेच वाटे, आईजवळ दुसरं आहे काय? न दाखवावा तर आई शोधत शोधत जाणार. दाखवावा तर तो मरणार आणि मेलेलाच राहणार, आणि आई ते बघत त्या खुर्चीत बसणार, आणि मग रात्री तिचा श्वास अडकला तर तो कशाला धरून परत यायचा? ती स्वतःशीच चिडली. आईच्या नावाखाली आपण आपलंच बोलतोय, हेही तिला कळत होतं. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. सगळे गेल्यावर ती थांबली, आणि आपल्या प्रतीतला एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंतचा तुकडा उचलून तिने पाचव्या रिळाच्या नंतर नेऊन ठेवला. काम थोड्याच वेळाचं होतं. जोड इतका चपखल बसला की तिला लाज वाटली.

रविवारी दुपारी तिने पडदे ओढले, आईच्या पाठीशी उशी दिली, पाण्याचा पेला हाताशी ठेवला.

"कुठला आणलास आज?"

"एक जुना आहे. खाणीतला."

"त्यात कुणी येतं का परत?"

"बघू," ती म्हणाली.

पहिले भाग तिने वाचून दाखवले. आई ऐकत होती, मध्येच डोळे मिटत होती. दोघींना तर हे कधी दिसलंच नव्हतं, तेव्हा त्या उशिरा आत गेल्या होत्या. हा नाही, असं आई म्हणेल म्हणून ती थांबून थांबून वाट बघत राहिली. आई म्हणाली नाही. मग दोर तुटला. माणसं धावली. आई एकदम खूप स्थिर झाली, आणि तिच्या श्वासातली घरघर तेवढी खोलीत राहिली. त्याला पुरलं. बायको घरी येऊन बसली. आता वाचायला काही नव्हतं. ती पडद्याकडे न बघता आईच्या हाताकडे बघत होती. शिरा वर आलेला, खुर्चीच्या दांड्यावर पडलेला हात. जोड आला आणि गेला. दार उघडल्याचा आवाज झाला.

त्याने कोट अडकवला. आईचे दोन्ही हात दांड्यांवर घट्ट झाले. कोपरं थरथरली, पाठ उशीपासून सुटली, आणि कित्येक आठवडे कुणी धरल्याशिवाय न उठलेली आई अर्धवट उठली. गुडघे वाकलेले, मान पुढे. ती आईला धरायला झेपावली आणि मध्येच थांबली. पदर ओढायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पडद्यावर तो पाणी प्यायला. सगळं. खिळा ठोकला, मुलीचा पाय आत घेतला. मग त्याचे ओठ उघडले आणि खाली तिने स्वतः लिहिलेली, जिथल्या तिथे नीट बसवलेली ओळ आली. उद्या लवकर उठव.

"उशीर झाला जरा," तिने मोठ्याने वाचलं.

"असू दे," आई म्हणाली. तिला नव्हे. मग ती हळूच खाली बसली.

शेवटचा भाग दोघींनी पाहिला. कुलूप, रस्ता, स्टेशन. पडदा काळा झाल्यावरही आई तिकडेच बघत होती. तिने पेला आईच्या ओठांशी धरला. दोन घोट घेऊन आईने तो बाजूला सारला.

"त्या दिवशी लोक काय ओरडले," आई म्हणाली.

तिला वाटलं, आता खरं काय ते बाहेर येतंय. "का ओरडले गं?"

आईने जरा वेळ घेतला. दम लागला होता म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. "लोकांना कुणाचं बघवत नाही," आई म्हणाली. "मी मनात म्हणत होते, अरे गप्प बसा. त्याला बंद करू नका."

म्हणजे कळलं होतं? तेव्हाच? की नव्हतं? ती आईच्या चेहऱ्यात शोधत राहिली. तिथे दमणूक होती, थोडा घाम होता, आणि रविवार पार पडल्याचं नेहमीचं समाधान होतं. आता विचारलं तर आई सांगेल, हे तिला माहीत होतं. आई खोटं बोलत नसे. तिने ते विचारलं नाही. तिने दुसरंच विचारलं, इतक्या वर्षांनी, आणि विचारताना आपला आवाज बारीक झाल्याचं तिला ऐकू आलं.

"तो कुठे गेला?"

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"पुढे गेला. जागा धरायला." मग श्वास घेऊन म्हणाली, "मी होते पुढे. तू सावकाश ये, घाई काही नाही. आणि ते बंद कर आता, डोळे दुखतात."